सायकलने वेरूळ: पहिल्या बारा लेण्यांसाठी एक अख्खा दिवस

शाळेच्या सहलीपासून धरलं तर मी वेरूळला दहा-बारा वेळा तरी गेलो असेन. पण पाच नंबरच्या लेण्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते सायकलने गेलो तेव्हा. आधीच्या सगळ्या खेपांचा क्रम ठरलेला होता. गाडी लावायची, समोर कैलास, तासभर फोटो, मग घृष्णेश्वर आणि जेवण. सायकलवरून पोचलो तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या, कैलाससमोर तीन शाळांच्या रांगा लागल्या होत्या आणि मला फक्त सावलीत टेकायचं होतं. म्हणून उजवीकडं वळलो. तिथं एक ते बारा ही बौद्ध लेणी आहेत, म्हणजे बहुतेक सगळे भिक्षूंचे राहते मठ. तेव्हापासून दर हिवाळ्यात एकदा तरी फक्त या बारांसाठी जातो. खालचं सगळं त्या अनुभवातलं आहे आणि संभाजीनगर, म्हणजे जुन्या औरंगाबादहून सकाळी निघून संध्याकाळी परत येणाऱ्यांसाठी आहे.

जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर होतात. आकडा सोपा वाटतो, पण शहरापेक्षा खुलताबाद सुमारे अडीचशे मीटर उंच आहे आणि वेरूळ पुन्हा पलीकडच्या उताराला. त्यामुळं घाट जाताना एक आणि येताना एक, असे दोनदा चढावे लागतात. नवखी माणसं हा दुसरा घाट हिशेबात धरत नाहीत.

दिवस कोणता धरायचा

वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी. या दोन वारांची गल्लत करून फाटकावरून परतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात एकदा मीही होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो, एकोणतीस नंबरच्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो, पण घाटातला रस्ता निसरडा असतो आणि खुलताबादला धुकं असं उतरतं की पुढच्या जीपचे लाल दिवेही दिसत नाहीत. मार्चनंतर विषय सोडून द्या. आपल्याकडचं ऊन आणि काळा बेसाल्ट यांच्यामध्ये सायकलवाल्यानं सापडू नये.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळा, घृष्णेश्वरासाठी लोटलेली गर्दी थेट रस्त्यावर येते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं पायी भद्रा मारुतीला निघतात. तेव्हा सायकल काढण्यात अर्थ नाही, त्यांच्याबरोबर चालत जाण्यात आहे. खुलताबादचा उरूस असेल तेव्हाही नको. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत दाटतात, पण त्या कैलासपाशी. आपल्या बारांना त्यांचा त्रास नाही.

आठवडाभर आधी: पाय आणि सायकल दोन्ही तपासा

ज्यांनी सहा महिन्यांत सायकल हातात धरली नाही त्यांनी आधीच्या रविवारी बीबी का मकबऱ्यामागची औरंगाबाद लेणी करावीत. शेवटचा चढ छोटा पण चांगला उभा आहे, तिथं धाप लागते का ते कळतं. शिवाय ही लेणीही बौद्धच, वेरूळच्या थोडी आधीची. सात नंबरच्या लेण्यात आठ संकटांतून भक्तांना सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर कोरलाय. त्याच्या दोन्ही बाजूंना आग, सिंह, साप, बुडणारं जहाज अशी एकेक आफत आहे. तो पाहून घ्या. वेरूळला त्याची आठवण येईल.

सायकल गिअरची असली तर बरं, पुढची लहान चाकी आणि मागची सगळ्यात मोठी चाकी नीट बसते का एवढं बघा. गिअर नसलेल्या दणकट काळ्या सायकलनंही जाता येतं. दौलताबादकडून शहरात पेरू घेऊन येणारी माणसं वर्षानुवर्षं तेच करत आली, फक्त घाटात खाली उतरून ढकलतात. त्यात कमीपणा काहीच नाही.

ब्रेकची रबरं मात्र नवीन टाका, हे पन्नास रुपये वाचवू नका. आणि ट्यूबचं तोंड बघून ठेवा. माझी एकदा खुलताबादच्या अलीकडं बाभळीच्या काट्यानं हवा गेली. पंक्चरवाल्या काकांनी चाक खोललं, ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं, सगळं दहा मिनिटांत. मग हवा भरायला गेले तर त्यांच्या पंपाचं तोंड माझ्या बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला बसेना. "ही कसली सुई लावली तुम्ही?" म्हणाले. अडॅप्टर वीस-तीस रुपयांचा असतो, घरी टेबलावर पडला होता. शेवटी रस्त्यानं जाणाऱ्या एका पोराच्या हातपंपावर भागलं. तेव्हा दोन ट्यूब, हातपंप, अडॅप्टर, टायर काढायच्या पट्ट्या आणि षटकोनी किल्ल्यांचा जुडगा सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

बाकी सामान: दोन लिटर पाणी, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, मजबूत कुलूप, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, आणि एक चांगली बॅटरी. बॅटरी रस्त्यासाठी नाही, लेण्यांसाठी. कारण पुढं येईलच.

सहा वाजता नगर नाका

डिसेंबरात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. सहाला निघालात तर पहिला तास अंधार आणि थंडीचा, म्हणून दिवे आणि हातमोजे. नगर नाक्यावरून छावणी मागं टाकली की पडेगाव, मग मिटमिटा, मग शरणापूर फाटा. हा टप्पा सपाट, रुंद आणि कंटाळवाणा आहे. ट्रक आणि आराम बस इथंच सगळ्यात जास्त, तेव्हा पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहा आणि गप्पा मारत दोन-दोनच्या जोडीनं चालवू नका.

दौलताबादच्या टी पॉइंटवर दोन वाटा फुटतात. सरळ माळीवाडा-कसाबखेड्याकडून जाणारा हमरस्ता सपाट आहे, घाट नाही, पण जड वाहनांचा आहे. उजवीकडची वाट किल्ल्याकडं जाते. माझं मत स्पष्ट आहे: घाटात घाम गाळलेला बरा, पण कानाजवळून कंटेनर गेलेला नको. माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्गाची पाटी दिसेल. तिकडं सायकलला मनाई आहे, तेव्हा गुळगुळीत रस्ता बघून मोह होऊ देऊ नका.

सातच्या सुमाराला देवगिरी समोर येतो. कडा तासून उभा केलेला तो सुळका आणि त्याच्या पायथ्याचा चाँद मिनार पहिल्या उन्हात बघायला पाच मिनिटं थांबा. आत जायचा विचार मात्र आज करू नका. किल्ला चढायला-उतरायला तीन तास जातात आणि मग वेरूळला पोचेपर्यंत पायांत काही उरत नाही. यादवांची राजधानी, 1327 साली दिल्लीहून इथं राजधानी आणणारा मुहम्मद तुघलक, मेंढा तोफ, हे सगळं वेगळ्या दिवसाचं काम आहे. चहा मात्र इथंच घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलात तर सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात, पण ती परतीच्या वेळी घ्या. चढाला दोन किलो सीताफळं पाठीवर घेऊन मी एकदा गेलोय.

दौलताबादचा घाट

किल्ल्याच्या पुढं रस्ता वळणं घेत चढायला लागतो. लांबी फार नाही, पण वळणावर आतली बाजू एकदम उभी होते, म्हणून वळण बाहेरून घ्यायचा मोह होतो आणि समोरून जीप येते. डाव्या कडेलाच राहा, वळणाच्या आधीच हलका गिअर टाका. चढावर जोर देत गिअर बदलला की साखळी हमखास उतरते.

घाटात दिल्ली दरवाजा लागतो. जुन्या तटबंदीचा हा दरवाजा, आणि आजचा रस्ता त्याच्यातूनच जातो. एका वेळी एकच मोठी गाडी मावते. दोन बाजूंनी दोन बस आल्या की हॉर्नचा कल्लोळ सुरू. अशा वेळी मधून घुसू नका. खाली उतरा, कडेला उभे राहा, पाणी प्या, दगडी कमानीकडं बघा. मोठी गाडी पूर्ण बाहेर पडल्यावर सायकल हातात धरून पार व्हा. दम खायला तेवढंच निमित्त.

वर आलं की हवा बदलते, हे दरवेळी जाणवतं. पठारावर कागजीपुरा लागतं. हातकागदाचं गाव, इथला धंदा तुघलकाच्या काळापासूनचा असं सांगतात. पुढं सुलीभंजनला जाणारा फाटा. संत एकनाथांनी तिथं तप केलं. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर होते. या एवढ्याशा पठारावर आणि त्याच्या कडांना भिक्षू, जैन मुनी, सूफी आणि नाथ, सगळ्यांनी एकांतासाठी जागा शोधल्या. सायकलवर असलं की त्याचं कारण पायांना कळतं. रहदारीच्या वाटेपासून चढण चढून यायचं, की गोंगाट खाली राहतो. पण इतकंही दूर नाही की झोळी घेऊन गावात जाता येऊ नये.

खुलताबादला न्याहारी

आठ-सव्वाआठला खुलताबाद. पोहे, भजी, चहा. पोटभर खा, कारण पुढचं जेवण थेट अडीचला आहे. हॉटेलात सायकल टेकवली की प्रश्न येतोच. मागल्या वेळी गल्ल्यावरच्या मामांनी विचारलं, "कामून सायकलवर आले? गाडी न्हाई का?" आहे म्हटलं. "मग?" या "मग"ला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

गावात औरंगजेबाची साधी उघडी कबर आहे, मलिक अंबरचा मकबरा आहे, सूफी संतांचे दर्गे आहेत. पहुडलेला भद्रा मारुतीही इथंच. दर्शन घ्यायचं तर दहा मिनिटांत घ्या आणि निघा.

पुढचा उतार वेरूळपर्यंत नेतो. चार-पाच किलोमीटर, आणि दिवसातला सगळ्यात धोक्याचा भाग हाच. ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते आणि रबर धरेनासं होतं. दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करा, मागचा आधी आणि पुढचा हलका. वळणावर खडी असते. मधे एका जागी थांबून हात लावून रिम बघा, पण बोट लगेच काढा.

फाटकावर

पावणेनऊ-नऊला पोचता. भारतीयांना तिकीट 40 रुपये. सायकल आत नेता येत नाही. वाहनतळावर कोपऱ्यात खांबाला कुलूप लावा, आणि जवळच्या दुकानदाराला सांगून ठेवा. त्याच्याकडून पाण्याची बाटली घेतली की तो आपणहून लक्ष ठेवतो. सीटखालची पिशवी, दिवे, पंप काढून बरोबर घ्या. आत बूट चालतात, पण खाली क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारी पट्टी, असलेले सायकलचे बूट घालून येऊ नका. दगडी पायऱ्यांवर ते साबणासारखे सरकतात.

डोंगराकडं तोंड करून उभं राहिलं की समोर कैलास, म्हणजे सोळा नंबर. डावीकडं दूरवर जैन लेणी, 30 ते 34. उजवीकडं आपली वाट. एकूण चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात पसरलेली आहेत. ती सगळी एका दिवसात पायाखाली घालण्याचा अट्टहास सायकलवाल्यानं करू नये.

लेणी कोणत्या क्रमानं

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, पुस्तिकांमध्ये ती सापडत नाही. वेरूळच्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी कडा स्वतःच्याच सावलीत असतो. म्हणून सकाळी चालायला गारवा मिळतो, पण गाभाऱ्यांत काळोख असतो. दुपारी एक-दीडनंतर ऊन आत शिरायला लागतं. यावरूनच क्रम ठरवायचा: उजेडाची गरज कमी असलेली लेणी आधी, आणि दहा नंबर सगळ्यात शेवटी.

तडक एक नंबरला जा. काहीच नाही म्हणून लोक डोकावून परत फिरतात. साधा विहार, आठ खोल्या, ना खांब ना मूर्तींची दाटी. पण राहायची जागा म्हणजे काय ते इथं कळतं. एका खोलीत जाऊन बसा. एक माणूस, एक चटई आणि भिक्षापात्र, एवढीच जागा. भिक्षू एरवी पायी हिंडायचे आणि पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी थांबायचे, वर्षावास म्हणतात तो. खोली लहान का, याचं उत्तर त्यात आहे. ती घर म्हणून कोरलेलीच नाही.

दोन ते चार नंबर भराभर बघितले तरी चालतील. पाच नंबरला थांबा. हा लांबलचक विहार, शंभर फुटांहून खोल. खांबांच्या दोन ओळींमधून जमिनीसरशी दोन लांब बुटके ओटे थेट आतपर्यंत जातात. कशासाठी? बहुधा ओळीनं समोरासमोर बसून पाठ म्हणायला, किंवा जेवायला. मला ते आपल्या पंगतीसारखं दिसतं. ओट्याची उंची गुडघ्याच्याही खाली. त्याच्या कडेला मांडी घालून बसलं की पोथी किंवा पात्र समोर बरोबर हाताशी येतं. हे पुस्तकात वाचून समजत नाही, बसून बघावं लागतं. दोन्ही बाजूंना भिंतीत निजायच्या खोल्या. सकाळी नऊ-साडेनऊला इथं पारवे आणि तुम्ही, एवढेच असता.

सहा नंबरला बॅटरी काढा. गाभाऱ्याबाहेरच्या दालनात एका बाजूला तारा आणि तिच्यासमोर महामायूरी, दोघी बौद्ध देवी. महामायूरीजवळ मोर आहे तो सगळ्यांना दिसतो. नजर त्याच्याखाली न्या. एक छोटासा माणूस ठवणीवर पोथी ठेवून वाचत बसलाय. वर देवी, मोर, दागिने, आणि हा आपला वाचण्यात गढलेला. तेराशे-चौदाशे वर्षं झाली, मान वर केलेली नाही. मठात अभ्यास चालायचा हे सांगायला मला दुसरा पुरावा नको. बॅटरीचा झोत तिरका, बाजूनं धरा, सरळ मारला की कोरीव काम सपाट दिसतं. आणि दगडाला हात लावू नका.

मग सात ते नऊ करत दहाला ओलांडून पुढं जा, अकरा-बारा गाठा. अकराचं नाव दोन ताल, म्हणजे दोन मजली. तळमजला मातीनं बुजलेला होता म्हणून हे नाव पडलं. 1876 साली तो सापडला, पण नाव तसंच राहिलं. बारा नंबर तीन ताल. बाहेरून बघितलं तर एखाद्या सरकारी कचेरीसारखं सपाट, तीन मजली, नक्षी नाही. माझं वेरूळमधलं सगळ्यात आवडतं लेणं हेच. अखंड कडा वरून खाली तासत आणून तीन मजले, जिने, दालनं, खोल्या काढल्या आहेत. काही खोल्यांत निजायला दगडाचेच ओटे. जिना चढताना पाय मोजूनच टाका, पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात आणि सकाळी घाट चढलेले गुडघे इथं जाब विचारतात. वरच्या मजल्यावर मागच्या भिंतीशी एका बाजूला सात बुद्ध झाडांखाली, दुसऱ्या बाजूला सात बुद्ध छत्रांखाली, ओळीनं बसलेत. समोरचा दर्शनी भाग उघडा असल्यानं इथं सकाळीही उजेड पुरतो.

आता साडेबारा झाले असतील. कैलासला एक फेरी मारायची तर ही वेळ. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. दहा-पंधरा मिनिटं काढा किंवा वरून बघा. त्याच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

दीड वाजता दहा नंबर. विश्वकर्मा लेणं, गावातली जुनी माणसं 'सुतार का झोपडा' म्हणतात. बारांत हे एकटंच चैत्यगृह, म्हणजे राहायचं नाही, उपासनेचं. छताला दगडाच्याच कमानदार फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. ज्या वाशांना कसलाच भार पेलायचा नाही ते दगडात का कोरायचे? कारण आधीची चैत्यगृहं लाकडाची असायची आणि डोळ्यांना तीच सवय होती. सुताराचं नाव उगाच पडलेलं नाही. मागं 27 फुटी स्तूप आणि त्याच्यासमोर पाय सोडून बसलेले बुद्ध. दुपारी उजेड दर्शनी भागातून आत येतो आणि हळूहळू पुढं सरकतो. खाली बसा, खांबाला टेकू नका, वीस मिनिटं काही करू नका. कुणीतरी वाटाड्या येऊन 'बुद्धं शरणं' म्हणेल, आवाज छताला भिडून परत येईल, पर्यटक टाळ्या वाजवतील आणि जातील. मग पुन्हा शांत.

जेवण आणि परतीचा हिशेब

सव्वादोनला बाहेर. रस्त्यावरच्या ढाब्यांवर भाकरी-पिठलं, शेवभाजी मिळते. एक भाकरी कमी खा. हे तोंडाला पटत नाही, पण तासाभरात घाट आहे. पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरून घ्या, एकीत मीठ-साखर-लिंबू.

तीनला निघायचंच. वेरूळ ते खुलताबाद हा चढ दौलताबादपेक्षा त्रासाचा वाटतो, कारण पोट भरलेलं, पाय थंडावलेले आणि ऊन समोरच्या कड्यावर तापलेलं. पहिला किलोमीटर अगदी हलक्या गिअरवर, चालण्याच्या वेगानं. जमेना झालं तर उतरा आणि ढकला. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न आहे. अगदीच पायात गोळे आले तर वेरूळहून शहराकडं रिकामा जाणारा एखादा छोटा हत्ती टेम्पो गाठा, भाडं आधी ठरवा आणि सायकली हौद्यात आडव्या न टाकता उभ्या बांधा, गिअरची बाजू वर किंवा बाहेर. आम्ही चौघं एकदा असेच आलो, त्याचं दुःख फक्त पहिल्या पाच मिनिटांत झालं.

खुलताबादला चहा, पावणेचारला पुढं. दौलताबादच्या घाटात आता उतार आहे आणि त्या दरवाज्याला आपण वरून वेगात येतो, तेव्हा कमान दिसायच्या आधीच वेग कमी करा. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, त्यामुळं शरणापूर ते पडेगाव या सपाट पट्ट्यात तो तोंडावर येतो आणि सकाळचे सोपे किलोमीटर जड जातात. दोघं-तिघं असाल तर एकामागं एक लागा, पुढचा दर पाच मिनिटांनी बदला.

सीताफळं घ्यायला दौलताबादला थांबलात तर अर्धवट कच्ची निवडा. पिकलेली पाठीवरच्या पिशवीत नगर नाक्यापर्यंत टिकत नाहीत, आणि सदऱ्यावरचा तो डाग सहजी निघत नाही.